ब्रेकची पट्टी

आश्लेषाच्या लेकीचं, रुहीचं बारसं झालं ते साल दोन हजार तेवीस, जानेवारीचा शेवट. आश्लेषाच्या बाळंतपणासाठी तिचे आईवडील, संग्रामराव आणि अहिल्याबाई, कोल्हापूरहून मिशिगनमधल्या ट्रॉयला आले होते आणि सहा महिने राहणार होते. अहिल्याबाईंना तिथं हजार कामं होती. संग्रामरावांना एकही नव्हतं. राधानगरी रस्त्याला चाळीस वर्षं ज्यानं पाण्याची इंजिनं आणि वखारीतली करवतयंत्रं खोलली आणि जोडली, तो माणूस खिडकीत बसून कचऱ्याच्या गाडीची वाट बघायचा.

फेब्रुवारीच्या बावीस तारखेला पाऊस आला आणि पडता पडता गोठला. दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा मागच्या अंगणातला मेपल अर्ध्यातून मोडून कुंपणावर कलंडला होता. आख्ख्या गल्लीत वीज नव्हती. जावई शंतनू गॅरेजमधून एक जुना चेनसॉ, इंजिनवर चालणारी साखळीची करवत, घेऊन आला. घराच्या आधीच्या मालकानं तो तसाच मागं टाकला होता.

"बाबा, बघता का जरा? चालू होत नाहीये."

संग्रामरावांनी बाह्या सारल्या. दोन दिवसांत त्यांनी यंत्र धुऊन पुसून काढलं, कार्बोरेटर साफ केला, साखळीला धार लावली. तिसऱ्यांदा दोरी ओढली तसं इंजिन बोलू लागलं. पण मुठीपुढचा गार्ड ढकलला तरी साखळी थांबेना. आतली ब्रेकची पट्टी तुटली होती. बोटभर रुंदीची ही पट्टी साखळी फिरवणाऱ्या क्लचच्या ड्रमभोवती बसते. पात्याचं टोक कुठं अडकलं की यंत्र उसळून माणसाच्या तोंडावर येतं. त्या क्षणी गार्ड मनगटाला लागतो, पट्टी ड्रम आवळते आणि साखळी जागच्या जागी थांबते. माणूस आणि साखळी यांच्यामध्ये तेवढीच एक पट्टी असते.

डीलर म्हणाला, ओरिजिनल यायला तीन आठवडे लागतील. शंतनूनं त्याला दिलेली ऑर्डर कॅन्सल केली आणि ऑनलाइन दुसऱ्या कंपनीची मागवली. ती सोमवारी दारात आली.

संग्रामरावांनी पट्टी हातात घेतली, दोन बोटांत वाकवली आणि सोडली. वाकली ती तशीच राहिली. मग तुटलेल्या पट्टीचा तुकडा वाकवला. तो टणकन सरळ झाला.

"शंतनूराव, हे डुप्लिकेट आहे."

"डुप्लिकेट नाही हो बाबा, आफ्टरमार्केट. दोन्हीत फरक असतो." शंतनू हसला. तो मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता. "आमच्या प्लँटमध्ये दोन्ही एकाच लाइनवरून निघतात. कंपनीच्या बॉक्समध्ये गेला की ओरिजिनल, साध्या बॉक्समध्ये गेला की आफ्टरमार्केट. तीन वर्षं क्वालिटीला होतो मी. लोक बॉक्सचे पैसे देतात, यार."

सासऱ्याला यार म्हटल्याचं लक्षात येऊन त्यानं जीभ चावली.

"पोलाद बरोबर नाही वाटत," संग्रामराव म्हणाले.

"ट्रस्ट मी, बाबा."

मोटारींचे भाग तुमच्याकडं होत असतील, पण ही पट्टी तुमच्याकडं झालीय का? एवढा एकच प्रश्न होता. तो ओठांपर्यंत आला आणि संग्रामरावांनी तो गिळला. त्यांचे वडील उभ्या आयुष्यात लेकीच्या घरी पाणी प्यायले नव्हते. हे तर सहा महिने लेकीकडं जेवणार होते, जावयाच्या गाडीतून फिरत होते, त्यानंच काढून दिलेल्या विम्यावर दात दाखवून आले होते. शिवाय तो शिकलेला होता. यांनी अक्षरं गिरवली ती पस्तिशीत, खोक्यांवरचे पार्ट नंबर वाचता यावेत म्हणून.

स्वयंपाकघरात त्यांनी अहिल्याबाईंजवळ विषय काढला. त्या बाळंतिणीसाठी अळिवाचे लाडू वळत होत्या.

"त्या पट्टीचं काही खरं नाही."

"मग बसवू नका."

"जावई म्हणतात चालतंय."

"मग बसवा. आणि वाद घालत बसू नका हं. आपण चार दिवसांचे पाहुणे. पोरीला त्यांच्यासोबत राहायचंय."

त्यांनी पट्टी बसवली. बसवण्यात कसर ठेवली नाही. गॅरेजचं दार उघडं टाकून इंजिन चालू केलं आणि गार्ड ढकलला. साखळी जागच्या जागी थांबली. दहा वेळा ढकलला, दहाही वेळा थांबली. अकराव्या वेळी ती डोळ्याची पापणी लवावी तेवढी उशिरा थांबली. बाराव्याला पुन्हा ठीक. शंतनू दारात उभा राहून मोजत होता. त्यानं अंगठा वर केला. संग्रामरावांनी इंजिन बंद केलं आणि हात पुसले.

अंगणातला मेपल शंतनूनं बुधवारी कापला. संग्रामराव शेजारी उभे होते. पात्याचं टोक वर जाऊ द्यायचं नाही, खांद्याच्या वर कापायचं नाही, असं बजावत होते. सगळं सुरळीत पार पडलं, आणि त्यांच्या मनातली शंका थोडी निवली.

शनिवारी, चार मार्चला सकाळी संजीव आला. शंतनूचा नागपूरचा मित्र, दोन गल्ल्या पलीकडे राहणारा. आदल्या दिवशी पुन्हा बर्फ पडला होता आणि त्याच्या गॅरेजवर एक फांदी लोंबकळत होती.

"काय काका, अमेरिकेत वर्कशॉप टाकलं म्हणता? आम्हालाही गिऱ्हाईक करून घ्या की."

"तुमच्याकडं माणूस बोलवा ना कापायला," संग्रामराव म्हणाले.

"तीन जणांना फोन केले. एप्रिलची तारीख देतात. तोवर फांदी माझ्या गाडीवर येऊन बसेल."

"उंचावर आहे का?"

"शिडी आहे ना. दहा मिनिटांचं काम."

शंतनूनं चेनसॉ त्याच्या डिकीत ठेवला. "बाबांनी टेस्ट केलाय. एकदम नवा झालाय बघ."

संग्रामराव गाडीच्या खिडकीपाशी गेले. ब्रेकवर विसंबू नका, एवढं म्हणायला दोन श्वास पुरले असते. पण शंतनू शेजारीच उभा होता, त्याचा चेहरा कौतुकानं फुलला होता, आणि त्याच्या देखत त्याच्या खरेदीत खोट काढायची म्हणजे…

"जपून," ते म्हणाले.

"हो काका," म्हणून संजीव निघून गेला.

अकराच्या सुमाराला संजीवच्या बायकोचा, सुनेत्राचा फोन आला. शिडीवरून कापताना पात्याचं टोक मागच्या फांदीला टेकलं होतं आणि यंत्र उसळलं होतं. गार्ड मनगटाला लागला होता, पण साखळी थांबली नव्हती. संजीवच्या मानेला आणि खांद्याला लागलं होतं, त्याला हॉस्पिटलात हलवलं होतं. संध्याकाळी शंतनूनं यंत्र परत आणलं. संग्रामरावांनी एकट्यानं कव्हर उघडलं. पट्टी ज्या जागी त्यांनी वाकवून पाहिली होती, तिथंच तुटली होती.

सोमवारी शंतनू ऑफिसला गेला नाही. गाडीत, हॉस्पिटलच्या वाटेवर, त्यानं समोर बघतच विचारलं, "बाबा, पट्टी नीट बसली होती ना?"

"नीट बसली होती."

"नाही, म्हणजे… एखादा स्क्रू वगैरे?"

 एवढ्या दिवसांत संग्रामरावांना पहिल्यांदाच जावयाचा राग आला, आणि लगेच स्वतःचा त्याहून जास्त.

हॉस्पिटलात सुनेत्रा खुर्चीत बसली होती. तिनं मान वर केली. "काका, मशीन तपासलं होतं ना तुम्ही?"

"टेस्ट केलं होतं, वहिनी," शंतनू मधेच म्हणाला. "दहादा."

"बारा वेळा," संग्रामराव म्हणाले. "अकराव्याला उशीर झाला होता. पट्टी बेताची आहे हे मला बसवायच्या आधीच हाताला कळलं होतं. एकदा बोललो आणि गप्प बसलो. जावयाच्या घरात राहून जावयाशी वाद नको म्हणून. शनिवारी संजीवरावांना सांगायला खिडकीपाशी गेलो, तेही सांगितलं नाही."

शंतनू भिंतीला टेकला. "ऑर्डर मी केली होती," तो म्हणाला. ते कुणाला उद्देशून होतं कळलं नाही.

सुनेत्रानं संग्रामरावांकडे पाहिलं. तिचा आवाज चढला नाही. "मला तरी फोन करायचा होता काका. मी त्याला शिडीवर चढू दिलं नसतं."

 संग्रामराव तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले. तिनं त्यांना उठा म्हटलं नाही.

संजीव मंगळवारी, सात मार्च दोन हजार तेवीस रोजी, दुपारी दोन वाजता त्याच हॉस्पिटलात वारला. तो एक्केचाळीस वर्षांचा होता.