पायाळूची सून

वच्छला पायाळू. जन्मताना आधी पाय बाहेर आले, अन् तेव्हापासून तिनं कोणापुढं डोकं वाकवलं नाही, असं तिची जाऊच म्हणायची. पाठीत उसण भरलेला माणूस तिच्या अंगणात पालथा पडायचा. ती डावा पाय पाठीवरून फिरवायची, शेवटी टाचेनं एक हिसका द्यायची, की माणूस उठून घरी जायचा. पुन्हा यायचा नाही. पुन्हा येत नाही म्हणजे बरा झाला, यात तिला कधी शंका आली नाही.

आणि अशा बाईची सून पाठ दाखवायला सिंदेवाहीला जाते! तेंदूपत्ता तोडताना रंजीताची कंबर धरली, ती आता धानाचे पऱ्हे टाकायची वेळ आली तरी सुटेना. तिथं बाजाराच्या दिवशी चंद्रपूरहून एक मणकेवाली डॉक्टरीण यायची. गोळी नाही, सुई नाही. पालथं पाडायचं, मणके दाबायचे, कट्ट वाजवायचं अन् म्हणायचं, पुढच्या आठवड्यात या. एका हिसक्याचं काम ही बया इतकं लांबवते कशाला? गिऱ्हाईक बांधून ठेवते, दुसरं काय! नाही तर सूनच ढोंग करते, रोवण्यात चिखलात वाकून रोपं लावावी लागू नयेत म्हणून.

वच्छलानं मात्र आपल्याकडून कसूर ठेवली नव्हती. दर शनिवारी ती रंजीताला पालथी पाडून पाय लावायची. सून दात आवळून पडून राहायची. दोन दिवसांनी, बाजाराच्या सुमारास, दुखणं पुन्हा डोकं काढायचं, तेव्हा वच्छलाची खात्रीच पटायची. आपण बसवतो अन् ती डॉक्टरीण उखडते.

"आज मी बी येईन," बाजाराच्या सकाळी तिनं पदर खोचला. "किती दिवस चालते हे, तोंडावर विचारीन. अन् आजच बंद करीन."

"आई, तुमी कशाले..." रंजीताचा चेहरा उतरला. तो उतरलेला चेहरा वच्छलानं नेमका टिपला.

दवाखान्याच्या बाकावर एक माणूस दुपट्ट्यात तोंड घालून बसला होता. वच्छलानं दुपट्टा ओढला. निघाला नानाजी, गावचाच.

"काऊन नानाजीभाऊ! तुमची पाठ तं म्याच बसवली होती न?"

"बसली होती न बाई. घरी जाईपर्यंत बसली होती."

"मंग सांगाले काऊन नाई आले?"

"तुमाले कोन सांगन! आनखी एक लाथ बसली असती."

वच्छलाचं तोंड कडू झालं. तेवढ्यात आतून हाक आली.

डॉक्टरीण दिव्यानी पोरगेलीच होती. तिनं रंजीताला बिछान्यावर पालथं झोपवलं, कंबरेवरून बोटं फिरवली आणि थांबली.

"मी तुला केव्हाच मोकळं केलं असतं. इथून बरी जातेस, पुढच्या वेळी पुन्हा सुजलेली. मधे घरी काय होतं?"

"भारा उचलला," रंजीता उशीत बोलली.

"दर आठवड्याला?"

रंजीतानं तोंड उशीत आणखी खुपसलं.

भारा? वच्छलानं कान टवकारले. महिनाभर या पोरीनं गवताची पेंढी उचलली नव्हती, त्यावरून रोज टोमणे खात होती. मग खोटं का बोलते? कोणाला वाचवून राह्यली ही? ती बिछान्याजवळ गेली, वाकून पाहिलं. कंबरेवर निळा-काळा डाग होता. भाऱ्याचा नव्हता. गोल, टाचेएवढा.

दार उघडंच होतं. बाकावरून नानाजी मान लांब करून पाहत होता. वच्छला गप्प राहिली असती तर रंजीता मेली तरी बोलली नसती. मग पुढच्या आठवड्यात पुन्हा या, त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा या, आणि रोवणा निघून गेल्यावर ही पोर जन्माची वाकडी.

"भारा-बिरा काई नाई," वच्छला मोठ्यानं बोलली. "तो डाग माह्या टाचेचा आहे."

डॉक्टरीण हसली नाही, हे तिनं बरं केलं.

"मग टाच बंद. त्यानंतर दोन आठवडे मी पाहते. फरक पडला नाही तर इथं येणं बंद, मी चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवीन."

"अन् पडला तं?"

"तरीही बंद. बऱ्या माणसाला कशाला बोलावू?"

"असं समदेच बोलतेत," वच्छला स्टूल ओढून तिच्या हातांसमोर बसली. "दाब. मी पाहून राह्यली."

मणका कट्ट वाजला. रंजीतानं दात आवळले नाहीत. वच्छलानं तेही पाहिलं, अन् तिला ते आवडलं नाही.

बाहेर पडताना ती नानाजीकडं न बघता सुनेला म्हणाली, "मी या बाईवर नजर ठेवीन, तू माह्यावर ठेव. शनिवारी मी तुह्या खोलीकडं आली, तं दार लावून घेजो."

"अन् तुमी ठोकलं तं?"

"ठोकीनच. उघडजो नको."