उलटं धरलेलं पुस्तक

तिला सगळी वस्ती कवळीबाई म्हणायची. दातांच्या डॉक्टरांकडून तिच्याकडे साचे यायचे. घराच्या पुढच्या खोलीत बसून ती त्यांवर मेण चढवायची, दात बसवायची आणि घासूनपुसून कवळ्या तयार करायची. लोकांचं बोलणं ऐकून ऐकून तिचे कान इतके तयार झाले होते, की रस्त्यानं कुणी बोलत गेला तरी ती आतून म्हणायची, "याची वरची सैल झालीय, येईल दोन दिवसांत."

घरात ती आणि तिचे वडील, दोघंच. पपा चर्चचे निवृत्त पाळक. खुबा मोडून दवाखान्यात राहून आल्यापासून हातात काठी आली होती, पण आवाज अजून खणखणीत होता. नवे पाळक महिन्यातल्या एका रविवारी त्यांना आग्रहानं उपदेशाला उभं करायचे. पपांची कवळी अर्थात लेकीच्याच हातची. त्या कवळीबद्दल त्यांची कधी कुरकुर नव्हती. म्हणून एका सकाळी ते कवळी हातात घेऊन पुढच्या खोलीत आले, तेव्हा तिला नवलच वाटलं.

"बाळ, पुढचे दात आतल्या बाजूनं जरा घासून देतेस? एक अक्षर नीट निघत नाही."

"कुठलं अक्षर?"

"जिभेचं टोक दातांच्या मधे यायला हवं आणि वारा हळूच सुटायला हवा. 'स' नाही, 'थ' नाही. दोघांच्या मधलं काहीतरी."

"असलं अक्षर आपल्यात कुठंय, पपा?"

"आहे एका ठिकाणी," ते म्हणाले आणि कवळी नसल्यामुळे फसफसून हसले.

तिनं मनाशी ठरवून टाकलं, ग्रीक असणार. पाळक होताना शिकलेलं ग्रीक म्हातारपणी पुन्हा काढलंय. तिला इतकं कौतुक वाटलं की दात घासून देऊन ती तडक आत्याकडे गेली. आत्या म्हणजे पपांची धाकटी बहीण. चर्चचा गायकवृंद तिच्या मुठीत. एखादा सूर चुकला तर ती गाणं थांबवून चुकणाऱ्याकडे बघायची, आणि तो माणूस पुढच्या रविवारी घसा बसल्याचं सांगायचा. "दादाला शिकायचा सोस पहिल्यापासूनच," आत्या अभिमानानं म्हणाली.

त्यानंतर काही आठवड्यांनी कवळीबाई दुरुस्त केलेली एक कवळी पोचवायला निघाली. गिऱ्हाईक म्हातारी होती, मशिदीच्या मागच्या गल्लीत राहायची. भर दुपार होती. मशिदीला लागून एक बैठी खोली होती, तिची खिडकी उघडी. आत कुणीतरी परक्या भाषेत वाचत होतं, अडखळत, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं. ती दोन पावलं पुढे गेली आणि जागच्या जागी थिजली.

त्या वाचण्यात तिच्याच हातची कवळी वाजत होती.

तिनं खिडकीतून पाहिलं. आत सतरंजी, भिंतीला कपाट, लाकडी घडवंचीवर उघडलेला ग्रंथ. त्याच्यापुढे, खुब्यामुळे खाली बसता येत नाही म्हणून, एका बुटक्या स्टुलावर पपा. शेजारी पांढऱ्या दाढीचे मौलवी. पपांनी एक शब्द उच्चारला. मौलवींनी मान हलवली. पपांनी जीभ दातांमधे धरून पुन्हा उच्चारला, आणि मौलवी खूश होऊन म्हणाले, "आता आलं! बरोब्बर आलं!"

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते तिला त्या गल्लीत कळलं. म्हातारीची कवळी पिशवीतच राहिली. ती घरी कशी आली, कुठल्या रस्त्यानं आली, तिला सांगता आलं नसतं. घरी तरी कुठे, ती पोचली आत्याच्या दारात.

"पपा धर्म बदलतायत," ती एवढंच बोलू शकली.

आत्या भाजी निवडत होती. ऐकून घेतलं, आणि निवडलेली भाजी देठांच्या ढिगात टाकली. मग म्हणाली, "आणि मी सगळ्यांना ग्रीक सांगून बसले!"

संध्याकाळी पपा घरी आले, तेव्हा जेवणाच्या टेबलाभोवती लेक, बहीण आणि नवे पाळक असे तिघं बसलेले. नव्या पाळकांना आत्यानंच ओढून आणलं होतं. बिचारे तरुण होते, समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडेच बघत होते. पपांनी तिघांची तोंडं पाहिली, काठी भिंतीला टेकवली आणि खुर्चीत बसले.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही चाललायत!" लेक ओरडली. पपांवर ती जन्मात ओरडली नव्हती, स्वतःचाच आवाज ऐकून ती दचकली. "मी पाहिलं तुम्हाला. माझ्याच दातांनी तुम्ही ते... तुम्ही आता त्यांचे होणार का?"

"नाही," पपा म्हणाले. "तसं काही नाही. मी प्रभूचा आहे आणि त्याचाच मरेन."

"मग तिथं काय करतोस, दादा?" आत्याचा आवाज चढला.

पपांनी लेकीकडे पाहिलं. "दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर कोण होतं, आठवतंय?"

तिला आठवलं. दोन्ही हात प्लास्टरमधे असलेले एक दाढीवाले गृहस्थ. पहिल्याच दिवशी तिनं नर्सला सांगून दोन खाटांच्या मधला पडदा ओढून घेतला होता.

"तू गेलीस की मी पडदा सारायचो," पपा म्हणाले. "शिडीवरून पडले होते हे मौलवी. एक दिवस म्हणाले, तुम्ही रोज वाचता ते मोठ्यानं वाचाल का? मी शुभवर्तमान वाचू लागलो. मला वाटलं, वाद घालतील. तर ते नुसते ऐकायचे. मधेच विचारायचे, हे कुणाला उद्देशून म्हटलंय? मग काय झालं? इतक्या वर्षांत माझ्या मंडळीत असं कुणी ऐकलं नाही मला." त्यांनी नव्या पाळकांकडे बघून मान हलवली. "तुम्हालाही कळेल हळूहळू."

नव्या पाळकांनी ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"पुढे त्यांनी विनंती केली, माझाही ग्रंथ जरा डोळ्यांपुढे धराल का? तोवर मला वॉकर मिळाला होता. मी हात धुतले आणि त्यांच्या खाटेशी बसून धरला. पानं उलटत राहिलो. ते म्हणत गेले, मी धरून राहिलो. शेवटी नर्स आली आणि म्हणाली, बाबा, पुस्तक उलटं धरलंय तुम्ही."

पपांनी रिकामे हात पुस्तक धरल्यासारखे पुढे केले.

"त्यांना पाठ होतं. मला ओशाळं वाटू नये म्हणून ते बोलले नव्हते. आणि मी? त्यांच्या धर्मात काय चूक आहे, यावर मी किती उपदेश केले असतील! लोक रडलेत माझे उपदेश ऐकून. आणि मला त्या पुस्तकाची वरची बाजू कुठली, ते माहीत नव्हतं."

पपा धर्म बदलतायत असं ऐकलं असतं, तर लेक रडली असती, भांडली असती. यावर काय करायचं ते तिला कळत नव्हतं. ते उपदेश तिनंही ऐकले होते, आणि रविवारच्या शाळेत मुलांना तसेच्या तसे सांगितलेही होते.

"त्यांच्यात एक अख्खा अध्याय मरियेच्या नावाचा आहे," पपा म्हणाले.

आत्याचे डोळे विस्फारले. "मरियेचा? आपल्या मरियेचा?"

"येशूच्या आईचा. पण ते येशूला देवाचा पुत्र मानत नाहीत, वधस्तंभावरचं मरणही मानत नाहीत. तिथं आमचं जमत नाही. त्यांना ठाऊक आहे, मलाही. तरी दर गुरुवारी आम्ही बसतो. एक आठवडा त्यांचं, एक आठवडा आपलं."

नवे पाळक पहिल्यांदाच बोलले. "आम्हाला परीक्षेला इतर धर्मांवर एक विषय होता. मला चांगले मार्क पडले होते." मग चाचरत म्हणाले, "पुस्तक आपल्याच एका पाळकांनी लिहिलेलं होतं."

गोष्ट चर्चभर व्हायला वेळ लागला नाही. कमिटीनं सभा घेतली, आणि पपांचा महिन्याचा उपदेश बंद झाला. दोन घरांनी बोलणं टाकलं. एकानं तर रस्त्यात पपांना पाहून फुटपाथ बदलला. तो लग्नात ज्यांचा आशीर्वाद घेऊन उभा राहिला होता, तेच हे पाळक. लेकीला तो धक्का पहिल्यापेक्षा मोठा वाटला. पपा मात्र सभेत म्हणाले, "तुमचा अधिकार आहे," आणि काठी टेकत बाहेर आले. नव्या पाळकांनी सभेत हूं की चूं केलं नाही. पुढच्या गुरुवारी ते पपांबरोबर मशिदीच्या वाटेनं जाताना दिसले.

त्यानंतरच्या गुरुवारी कवळीबाईही गेली. आत्या आली ती "दादावर नजर ठेवायला." चपला बाहेर काढताना ती पुटपुटत होती, आत गेल्यावर ताठ बसली, आणि पाच मिनिटांत मौलवींना मरियेबद्दल एकामागून एक प्रश्न विचारू लागली. मरिया बाळंत झाली त्या खजुराच्या झाडाचं काय? ती एकटीच का होती? मौलवी सावकाश सांगत होते, आणि आत्या गायकवृंदात बघायची तशी त्यांच्याकडे टक लावून बघत होती. फरक इतकाच, की मधे थांबवत नव्हती.

मग मौलवी लेकीकडे वळले. "ताई, आज तुमची बाजू. तुमचे वडील म्हणतात तुम्ही मुलांना शिकवता. तुम्ही म्हणता देव एकच, आणि म्हणता पिता, पुत्र, पवित्र आत्मा. मला पटवू नका. फक्त समजावून सांगा."

हे तिला झोपेतही येत होतं. तिनं घडाघडा सांगितलं. मौलवींनी शेवटपर्यंत ऐकलं.

"तुमच्या वडिलांनीही हेच सांगितलं होतं, शब्दाला शब्द," ते अगदी आदरानं म्हणाले. "तुम्हाला स्वतःला ते कसं समजतं?"

तिनं तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं. पपांकडे पाहिलं तर ते सतरंजीकडे बघत होते. आत्याकडे पाहिलं, आत्यानं घाईघाईनं पदर सारखा केला. जी गोष्ट तिनं जीव गेला तरी सोडली नसती, ती तिला एका माणसाला साध्या शब्दांत सांगता येत नव्हती.

"पुढच्या खेपेला सांगेन," ती कशीबशी म्हणाली.

"जरूर," मौलवी म्हणाले. "मला घाई नाही."

बाहेर पडून बसथांब्यावर पोचताच तिचा बांध फुटला. "पपा, लहानपणी मला पाठ करून घेतलंत. हा प्रश्न कधी का नाही विचारलात?"

"मला तरी कुणी विचारला होता?" पपा म्हणाले. ते बाकावर टेकले आणि त्यांनी तिच्यासाठी जागा केली. आत्याही शेजारी सरकून बसली.

"बैस, आधी तू सांग बघू," पपा म्हणाले. "पाठ केलेलं नको."

ती बसली. पहिलं वाक्य तिनं तीनदा मोडलं. बस आली, थांबली, आणि त्यांच्यातलं कुणी उठत नाही हे पाहून निघून गेली.