माझा लाल रंग पुसला गेला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना रिस्पॉन्स आहे आणि आज माझं डोकं तापलेलं आहे. रिस्पॉन्स म्हणजे वेबसाइटचं उत्तर. तुम्ही मोबाईलवर बटण दाबता, तुमची मागणी दूरच्या सर्व्हरकडे जाते, आणि तिथे काय झालं ते सांगायला उलट पावली येतो तो मी. बोलतो मी आणि नाव होतं मोबाईलचं!

सहा वर्षांपूर्वी जळगावात, पिंप्राळ्यातल्या पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत माझा जन्म झाला. कुंदन नावाच्या प्रोग्रॅमरने मला मुलींच्या एका वसतिगृहाच्या वेबसाइटसाठी घडवलं. वेबसाइट उभारायला एक तयार सांगाडा मिळतो, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. त्यात माझी सोय असतेच, पण कुंदनने मला मन लावून शिकवलं. काम फत्ते झालं तर दोनशे हा आकडा आणि हिरवी अक्षरं. मागितलेलं पान नसेल तर चारशे चार. फोटो फार मोठा असेल तर चारशे तेरा आणि लाल अक्षरं, 'फोटो मोठा आहे. अर्ज जमा झालेला नाही. लहान करून पुन्हा पाठवा.' पाच वर्षं मी हे काम इमानाने केलं. साइट अगदी स्पष्ट सांगते हो, अशी शाबासकीही मिळाली. ती अर्थात कुंदनला!

मग वसतिगृहाचे व्यवस्थापक मगननाना वैतागले. लाल अक्षरं दिसली की पालक त्यांना फोन करायचे.

"कुंदन, मी दिवसभर फोनच उचलत बसू का? ते लाल काढ. बठ्ठं, अगदी सगळं, हिरवं दिसलं पाहिजे."

"पण नाना..." कुंदन म्हणाला. एवढंच म्हणाला आणि कामाला लागला. आत काहीही बिनसलं तरी मी दोनशे आकडा लावायचा आणि 'अर्ज मिळाला, धन्यवाद' म्हणायचं, असं त्याने मला बांधून टाकलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! फोटो मोठेच येत राहिले, फक्त माझं तोंड बंद झालं.

यंदा धरणगाव तालुक्यातल्या भाविकाने अर्ज भरला. जळगावात तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, आता राहायला जागा हवी होती. तिचा फोटो नव्या मोबाईलवर काढलेला, भला मोठा. सर्व्हरने तो नाकारला. अर्ज जमाच झाला नाही. तो नकार माझ्या हातात होता, आणि मी तिला जाऊन काय सांगितलं? 'अर्ज मिळाला, धन्यवाद.' तिच्या आईने, ताईबाईंनी, त्या हिरव्या अक्षरांना हात जोडले आणि देवापुढे साखर ठेवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आलेले अर्ज आणि मिळालेल्या खोल्या यांची यादी लागली, तेव्हा मायलेकी वसतिगृहाच्या ऑफिसात आल्या. तिथल्या कॉम्प्युटरवर ती यादी मीच दाखवत होतो.

"नाना, मना डोयास्नी दखेल शे. हिरवं उनं व्हतं," ताईबाई अहिराणीत म्हणाल्या. हिरवं आलेलं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. "मंग मनी पोरनं नाव कोठे शे?" भाविकाने मोबाईलमधला त्या हिरव्या अक्षरांचा स्क्रीनशॉट पुढे केला.

"यादीत नाव नाही म्हणजे अर्जच नाही, अक्का. स्क्रीनशॉट काय, कोणीही बनवतं."

"सर, मी खोटं बोलत नाही," भाविका म्हणाली.

खोटं ती बोललीच नव्हती. खोटं मी बोललो होतो, आणि ते सांगायची मला मुभा नव्हती!

भाविका हटली नाही. वेबसाइटवर तळाशी कुंदनचा नंबर होता, तिने तिथूनच त्याला फोन लावला. कुंदन ऑफिसात आला आणि त्याने सर्व्हरची रोजनिशी उघडली. तिथे खरं तेच नोंदलेलं असतं. भाविकाच्या नावापुढे चारशे तेरा होता. तिच्यासारख्या आणखी सतरा मुली होत्या.

"नाना, चूक पोरींची नाही," कुंदन खाली मान घालून म्हणाला. "माझी आहे."

"आणि माझी," मगननाना हळूच म्हणाले. पण तोवर खोल्या भरून गेल्या होत्या. भाविकाला प्रतीक्षा यादीत पहिला नंबर मिळाला. खोली मिळाली नाही. आता ती रोज धरणगावहून अप-डाऊन करते आणि एस.टी.त उभ्याने अभ्यास करते.

अहो, दोन मिनिटांचं काम होतं! लाल अक्षरं दिसली असती तर तिने तिथल्या तिथे फोटो लहान केला असता. चूक सांगणाऱ्याचं तोंड दाबलं की चूक नाहीशी होते, असं शहाण्यासुरत्या माणसांना का वाटतं? मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या वेबसाइट बनवेल. मला हवं तसं सजवा, माझे शब्द मऊ करा, पण जे घडलं तेच मला सांगू द्या.

कुंदनने त्याच दिवशी माझा लाल रंग मला परत दिला. प्रतीक्षा यादीसाठी अर्ज सुरू झाले आणि माझं पहिलं लाल उत्तर शिरपूरच्या प्रेमराजभाऊंकडे गेलं. ते मुलीचा अर्ज भरत होते.

"काय बेक्कार साइट शे ही!" ते ओरडले. मला दोन शिव्या हासडल्या, पुटपुटत फोटो लहान केला आणि पुन्हा बटण दाबलं. मुलीचा अर्ज जमा झाला. मित्रांनो, अशा शिव्या मी रोज आनंदाने खाईन.