मधल्या घडणीचा डबा

मोजणीदारांच्या जेवणघरातल्या कपाटात ताटं-वाट्या नव्हत्या, डबे होते. जुन्या सैन्यातल्या शिपायांनी पाठीवर वाहिलेले, जाळावर ठेवून काळे केलेले जेवणाचे डबे. बायकोने ताटं केव्हाच स्वयंपाकघरात हलवली होती आणि तक्रार करणंही सोडून दिलं होतं.

आल्यागेल्याला कपाटापुढे उभं करून मोजणीदार समजावत, "हा पहिला, गोल. पाठीला टोचायचा. मग एक बाजू सपाट केली, अंगाला नीट बसावा म्हणून. मग हे चौकोनी, एकात एक जाणारे. दांडी बघा, आधी नुसती तारेची कडी, शेवटी झाकणावर दुमडून घट्ट बसणारी."

सपाट पाठीच्या आणि चौकोनी डब्यांच्या मध्ये त्यांनी जागा रिकामी सोडली होती. पाठ जुनी पण दांडी नवी, असा एक डबा मध्ये थोडा काळ बनला असणार, हे त्यांचं ठाम मत. लोक हसायचे. पुरावा हाती नव्हता, आणि सगळा जीव त्या रिकाम्या जागेत अडकला होता.

आणि तो डबा मिळाला कोणाला, तर साडूला!

साडू बेकरीवाला. मोजणीदारांचं कपाट बघूनच त्याला हा नाद लागला, तोही अगदी अलीकडे. आधीचा कुठला, नंतरचा कुठला, कशाचा पत्ता नाही. बिस्किटांच्या बरण्यांशेजारी डबे मांडले की स्वारी खूश. रोज आपल्यासाठी मऊ पाव बाजूला काढून ठेवतो म्हणून एका म्हातारीने घरातला डबा त्याला आपणहून आणून दिला. तो घेऊन साडू पिठाच्या हातांनीच हजर झाला.

"दादा, हा काय प्रकार आहे, सांगा बरं. पाठ एका घरची न् दांडी दुसऱ्या घरची दिसतेय."

मोजणीदारांनी चष्मा लावला आणि डबा उजेडाकडे फिरवला. दांडीच्या रिव्हेटा डब्याइतक्याच जुन्या, काजळी दांडीच्या कडेशी येऊन थांबलेली, दांडीखालचा पत्रा कोरा. दांडी पहिल्यापासूनची होती. आपण जन्मभर भंगारवाल्यांचे उंबरे झिजवले आणि ह्याला पावाच्या बदल्यात? ते म्हणाले, "दांडी मागाहून बसवलीय. कोणीतरी ठोकाठोक केलेली आहे."

"बघा! तरी म्हटलं." साडूचा चेहरा जरासुद्धा पडला नाही. "तुम्ही आहात म्हणून कळतं हो, दादा."

हे त्यांना जास्तच झोंबलं. डबा खोटा ठरवूनही त्याचा आनंद तसाच! साडू डबा पिशवीत घालून परत गेला, तरी रात्री जेवताना घास तोंडात फिरायला लागला.

"त्यांच्याकडे काही चांगलं आलं की तुमच्या तोंडची चव जाते," बायको म्हणाली.

"काहीतरीच बोलू नकोस."

दुसऱ्या दिवशी दुपारी मेव्हणीचा फोन आला. बायको तो ठेवून हसतच बाहेर आली. "ऐकलंत का? भाऊजी दुकान सोडून कानस घेऊन बसलेत. तुम्ही दांडी नंतरची म्हणालात ना, ती काढून डबा मूळच्यासारखा करतायत."

मोजणीदार जागचे हलले नाहीत. होऊ दे. दांडी गेली की उरेल साधा सपाट पाठीचा डबा, तसले आपल्याकडे आहेतच. क्षणभर बरं वाटलं, अगदी गार वाटलं. मग ध्यानात आलं, आपलं म्हणणं खरं ठरवणारी एकुलती एक वस्तू आपल्याच शब्दावर कानशीखाली गेली आहे. ते घरातल्या चपलांवरच निघाले.

बेकरीच्या मागच्या खोलीत कानशीचा आवाज चालला होता.

"थांब! अरे, थांब!"

साडूने मान वर केली. एक रिव्हेट उडाली होती. दांडी दुसरीवर लोंबत होती.

"दांडी असली आहे," मोजणीदार धापा टाकत म्हणाले. "पहिल्यापासूनची."

"मग काल..."

"काल मी खोटं बोललो."

"का पण?"

"तो तुझ्याकडे आला म्हणून."

मेव्हणी ट्रे घेऊन दारात उभी होती. ती आवाज न चढवता म्हणाली, "भाऊजी, मागितला असतात तर यांनी तो काल तिथेच ठेवला असता. पिशवीत घालून आणलाही नसता परत."

मोजणीदारांना हे ठाऊक होतं. म्हणून तर मागितला नव्हता. साडूच्या दातृत्वाने मिळालेला डबा रोज डोळ्यांसमोर कसा ठेवायचा?

"रिव्हेट परत बसेल?" साडूने विचारलं.

"बसेल. पण मग दांडी खरोखरच मागाहून बसवलेली होईल."

साडूने लोखंडाचा कीस फुंकून काढला, डबा फडक्याने पुसला आणि काही न विचारता आपल्या मनाने तिथल्याच फळीवर बरण्यांशेजारी ठेवला. मग मेव्हणीच्या हातातला ट्रे घेऊन तो दुकानात गेला. "आलो हं," असं म्हणाला, पण ते बाहेरच्या गिऱ्हाइकाला.

मोजणीदार तिथेच उभे राहिले. दांडी एका बाजूला लोंबत होती, तरी डबा देखणा होता. फळीवर उजेडही किती छान पडतो ह्याच्याकडे, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी नजर वळवली.