पहिल्या नंबरची कास

जावा बेटावरच्या आमच्या कालीगेसिंगच्या डोंगरात माणूस भेटला की आधी शेळीची खुशाली विचारतात, बायकोमुलांची मग. शेजारच्या वागिमानला यंदा दुधाळ शेळ्यांच्या स्पर्धेचा चषक हवाच होता. त्याच्या शेळीचे कान लांबलचक, नाक पोपटासारखं, पण कास बेताची दिसायची. म्हणून त्यानं स्पर्धेच्या आदल्या सकाळपासून धारच काढू दिली नाही.

"अहो, ठणकतंय तिला. थोडं तरी पिळते," त्याची बायको सुमियाती म्हणाली. घर त्या दुधावरच चालायचं.

"हात लावू नकोस! परीक्षक काय रिकामी कास बघायला येतात?"

"मग तुम्हीही उद्यापर्यंत लघवीला जाऊ नका. तुमचाही नंबर येईल."

मैदानात शेळी पाय फाकवून चालली. परीक्षकांना ती चाल राजेशाही वाटली. पहिला नंबर आला. फोटोत शेळी सोडून सगळे हसत होते.

संध्याकाळी धारेत गाठी आणि रक्त आलं. कासेची एक बाजू कायमची गेली, असं डॉक्टरांनी सांगितलं. दुसरी वाचली तर नशीब.

अभिनंदनाला शेजारी जमले, तेव्हा वागिमान सवयीनं ओरडला, "सगळ्यांना दूध आण गं!"

सुमियातीनं चषक त्याच्या मांडीवर आदळला. "घरातलं सगळं दूध यात गेलंय. काढा आता याचीच धार."

आम्ही कोरी कॉफी प्यालो. निघताना, ज्याची शेळी यंदा मागे पडली होती त्या पोनिजोनं वागिमानला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "धार नक्की कधीपासून बंद ठेवली होतीस रे?"