नरम पडलेल्या चकल्या

सुभद्रा परब गेली बावीस वर्षं लालबागच्या चाळीतल्या आपल्या खोलीत दिवाळीच्या चकल्या करून विकत होती. दुकान नव्हतं, पाटी नव्हती. हिंदमातापासून माटुंग्यापर्यंत चाळीस-पन्नास ठरलेली घरं होती. नवरात्र संपलं की त्यांचे फोन यायचे आणि तिचा नवरा गुणाजी पिशव्या पोचवून यायचा. भाजणी तीच भाजायची, पीठ तीच मळायची, कढईपाशीही तीच बसायची. शेजारच्या खोलीत राहणारी तिची जाऊ कौसल्या सोऱ्याने चकल्या पाडून द्यायची, एवढंच.

यंदा परळच्या मॉलमधल्या एका मोठ्या स्टोअरने ‘आपल्या गल्लीची चव’ म्हणून योजना काढली. घरगुती उद्योग करणाऱ्या सात जणांना दिवाळीआधीचे दहा दिवस स्टोअरमध्ये टेबल मिळणार होतं, तेही फुकट. सुभद्राची मुलगी अपेक्षा लोअर परळला नोकरीला होती. तिने आईचा फॉर्म भरला. स्टोअरकडून लतिका नावाची तिशीतली अधिकारी घरी आली, उभ्याउभ्याच दोन चकल्या खाल्ल्या आणि म्हणाली, “काकू, ही चव लोकांपर्यंत पोचायलाच हवी.” अगदी मनापासून म्हणाली. अट एकच होती. सकाळी दहा ते रात्री दहा टेबलापाशी सुभद्राने स्वतः उभं राहायचं. लोकांना करणारीचा चेहरा बघायचा असतो.

“मग तळणार कोण?” सुभद्राने विचारलं होतं.

“मी आसंय मा,” कौसल्या म्हणाली. “इतकी वर्सां बघतंय तुका.”

पहिले तीन दिवस सुभद्राने आधीच करून ठेवलेला माल पुरला. टेबलामागे तिचा पुरुषभर उंचीचा फोटो उभा केला होता, हात जोडलेला. लोक फोटोकडे बघत, मग तिच्याकडे बघत, हसत, तिच्याबरोबर सेल्फी काढत आणि एखादं पाकीट घेऊन जात. लतिका दर तासाला येऊन पाणी हवंय का विचारायची. दुसऱ्याच दिवशी तिने एक स्टूलही आणून दिलं, पण गिऱ्हाइकासमोर बसायचं कसं म्हणून सुभद्रा उभीच राहिली.

चौथ्या दिवशी गुणाजी कौसल्याच्या हातच्या चकल्यांचे खोके घेऊन आला. चव बघायला ठेवायच्या ताटलीत सुभद्रा एक चकली मोडायला गेली, तर ती मोडलीच नाही. वाकली. तिने तुकडा तोंडात घातला. मीठ-तिखट बरोबर होतं, पण चकली नरम होती. रोजची साठ पाकिटं पुरी करायची म्हणून कौसल्याने आच मोठी ठेवली असणार. तेल जास्त तापलं की चकली वरून लाल दिसते आणि आत कच्ची राहते.

तिने सगळी पाकिटं टेबलाखाली सरकवली आणि लतिकाला बोलावलं.

“मॅडम, मला आज घरी जायला हवं. माल बिघडलाय. उद्या चांगला घेऊन येते.”

लतिकाने एक तुकडा खाल्ला. “छान आहे की, काकू.”

“नरम आहे.”

“मला तर मस्त लागली. आणि आज चारला व्हिडिओवाले येणार आहेत, खास तुमच्यासाठी. आज नका जाऊ, प्लीज.” तिने वाकून पाकिटं बाहेर काढली आणि ओळीने मांडली.

ही पोर फसवत नव्हती, दटावत नव्हती. तिला खरंच फरक कळत नव्हता. येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांनाही कळत नव्हता. तुकडा तोंडात टाकून ते “वा, घरची चव” म्हणत आणि पाकीट उचलत. प्रत्येक पाकिटावर सुभद्राचं नाव होतं.

तीनच्या सुमारास माटुंग्याच्या सरोजिनीबाई आल्या. पहिल्या वर्षापासूनचं गिऱ्हाईक. “तुमचा फोटो मोबाइलवर पाहिला, म्हटलं भेटून यावं,” असं म्हणत त्यांनी ताटलीतला तुकडा घेतला. सुभद्रा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. त्या चावत होत्या, मग जरा थांबल्या, मग तुकडा गिळला. एक पाकीट घेतलं आणि म्हणाल्या, “बरं वाटलं तुम्हाला इथे बघून.”

“बाई, या चकल्या...” सुभद्राने सुरुवात केली, पण मागे लतिका उभी होती आणि बाजूला पाच-सहा लोक होते. सरोजिनीबाईंनी तिच्या दंडावर थोपटलं आणि त्या निघून गेल्या.

घरी आल्यावर सुभद्राने कौसल्याला आच कमी ठेवायला सांगितलं.

“बारीक आचेर साठ पाकिटां होवची नाय गे,” कौसल्या म्हणाली. तिच्या मनगटावर तेल उडून फोड आला होता. सुभद्राने त्यावर मलम लावलं आणि विषय सोडून दिला.

उरलेले सहा दिवस तिने त्याच चकल्या विकल्या. शेवटच्या दिवशी स्टोअरने तिला शाल दिली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सरोजिनीबाईंना फोन केला.

“तुमच्या वाटणीच्या आज करते, बाई. ताज्या. हे संध्याकाळी आणून देतील.”

“अहो, नको,” सरोजिनीबाई म्हणाल्या. “आम्ही कालच दुसरीकडून आणल्या. तुमचा व्याप वाढलाय आता, उगाच तुम्हाला कशाला त्रास. म्हणून विचारलंच नाही.”

आवाजात राग नव्हता. असता तर सुभद्राला माफी तरी मागता आली असती. तिने आणखी आठ-दहा घरी फोन लावला. कुणी तिचं अभिनंदन केलं, कुणी व्हिडिओ पाहिल्याचं सांगितलं. चकल्या मात्र सगळ्यांकडे येऊन पडल्या होत्या.

दुपारी अपेक्षा मोबाइल हातात घेऊनच आत आली. “आई, नाताळच्या सेललाही तुला बोलावलंय. लतिका मॅडम म्हणाल्या, सातांत तुझंच टेबल पहिलं आलं. मी हो सांगून टाकलं.”

“मला नाही जायचं.”

“अगं, असा चान्स कोण सोडतं? काकी तळेल ना. लोकांना आवडल्याच की.”

सुभद्राने दारात बसलेल्या कौसल्याकडे पाहिलं. कौसल्या मनगटावरचा फोड चाचपत होती. तिने मान वर केली नाही.