चिलखतातले सातशे ग्रॅम

योगिनीने सुईच्या टोकाने कडेचे थर मोजले. पंधरा. चारही कडांना पंधराच. मग चिलखत पुन्हा काट्यावर ठेवले. चार किलो सहाशे. हिशेबाने तीन किलो नऊशे भरायला हवे होते.

प्राचीन ग्रीक पायदळातले काही सैनिक काशाच्या, म्हणजे कांस्य धातूच्या, चिलखताऐवजी कापडाच्या थरांचे चिलखत घालत. तिच्याकडच्या काशाच्या नमुन्याचे वजन आठ किलो होते. निम्म्याहून कमी वजनाचे कापडही बाण अडवते, हे तिला उद्या कॉलेजच्या प्रदर्शनात दाखवायचे होते. कॉलेजचा परिचर म्हस्कू चिलखत घालून उभा राहणार, ती वीस पावलांवरून बाण सोडणार. थर चिकटवले होते म्हस्कूच्या आईने, डाळजच्या बानूबाईंनी. त्यांनी जन्मभर घोंगड्यांना चिंचोक्याची खळ लावली होती. आज त्या स्वतःच चिलखत घेऊन आल्या होत्या.

"आजी, आत काय घातलंय?"

"काय घालायचं? तुमचंच कापड हाय."

"सातशे ग्रॅम जास्त भरतंय."

"कापड खळ पितं की."

"खळ मी मोजूनच दिली होती."

"मग तुमचा काटा झोपला आसंल."

म्हस्कू हसला. "मॅडम, हिनं बाजारातला एक काटा कधी खरा मानला न्हाय."

योगिनीने चिलखत दाबून पाहिले. उजवी बाजू वाकली. डावी वाकेना. तिने ब्लेड काढले.

"कापू नगा," बानूबाई म्हणाल्या.

"का?"

"तुमी ह्यो बाण आदी कशावर मारून बघितलाय का?"

"हिशेब केलाय. बाराव्या थरात थांबतो."

"मारलाय का?"

चिलखत एकच होते. आधीच भोक पाडले तर उद्या दाखवायचे काय? योगिनीने ब्लेडने डाव्या बाजूचे थर सुटे केले. सातव्या आणि आठव्या थरांच्या मध्ये, कडेपासून चार बोटे आत, नेमकी काळजाच्या जागी, काळ्या घोंगडीची सहापदरी घडी खळीने चिकटवलेली होती.

म्हस्कूने घडीवरून बोट फिरवले. "आई, हे कवा घातलंस?"

"तू पाव्हण्यांपुढं हुबा ऱ्हातो म्हणालास, त्याच दिवशी."

"सगळं कालिज हसंल मला."

"हसू दे."

योगिनीने भुशाचे पोते उभे केले आणि त्याला चिलखत बांधले. वीस पावले मोजली. उजव्या बाजूवर एकच बाण सोडला. मग बंद सोडून चिलखत उलटे केले आणि मोजपट्टी लावली.

बाणाचे टोक पंधराव्या थराच्या पलीकडे अडतीस मिलिमीटर आले होते.